बोल्डरचा डोंगर आणि कामगाराचा रविवार



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती चुकीची नव्हती. तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून आम्ही दुसरे काही बोललेलो नाही. पण आम्ही विषय कळवला तो प्रवासाचा. डोंगराच्या कुशीतले एक विद्यापीठाचे गाव, तेथील रानवाटा, तेथील नाटके आणि व्याख्याने, असे आम्ही लिहून पाठवले. ते वाचून चालकांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "भाऊ, तुम्ही आणि हवापालट?" त्यांनी ते प्रेमानेच विचारले. परंतु घरी गेल्यावर आम्ही विचार करीत बसलो. कामगारांचा माणूस हवापालटाला गेला म्हणजे लोकांना हसू का यावे? डोंगरावर फिरायला जाणे ही काही ठरावीक घरांचीच मिरास आहे काय? आजचे व्याख्यान म्हणजे त्या हसण्याला दिलेले उत्तर आहे असे समजा.

प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. आमचे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो ते नगरपालिकेच्या वाचनालयात, दुसऱ्या पाळीवरून सुटल्यावर आणि पहिल्या पाळीला जाण्यापूर्वी. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडिती बांधणी सापडणार नाही. जे पाहिले, जे वाचून पडताळले, तेवढेच सांगणार आहोत.

आमच्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानात संशोधनाचे काम करतो. २०२३ च्या एप्रिलात त्याने हट्टाने आम्हांला बोलावून घेतले. तिकीट त्यानेच काढले, हेही सांगून टाकतो, नाहीतर युनियनच्या पैशाने भाऊ अमेरिका पाहून आले असे उद्या फाटकावर ऐकायला मिळायचे! त्याच्या विद्यापीठाच्या गावाचे नाव बोल्डर. डेन्व्हर या राजधानीपासून तीसएक मैलांवर, रॉकी पर्वताच्या अगदी पायथ्याशी ते वसलेले आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती सुमारे एक लाख आठ हजार होती. पायथा म्हटले तरी गावाची उंची ५,४३० फूट आहे. आपले कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच, ते ५,४०० फुटांचे. म्हणजे आपण जेथे चढून धापा टाकीत देवीपुढे नारळ फोडतो, त्या उंचीवर त्या लोकांची बाजारपेठ आहे, शाळा आहेत, आणि त्यांचा डोंगर तेथून पुढे सुरू होतो. पहिले दोन दिवस जिना चढतानाही आम्हांला दम लागत होता.

गावाच्या पश्चिमेला तांबूस वालुकाश्माच्या प्रचंड शिळा तिरप्या उभ्या आहेत. एखाद्याने फरश्या भिंतीला टेकवून ठेवाव्यात तशा त्या दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की, त्यांचा दगड सुमारे एकोणतीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पर्वत वर आला तेव्हा त्याच्या कडेचे थर असे तिरपे झाले. त्या शिळांना तेथे 'फ्लॅटआयर्न' म्हणतात, म्हणजे कपड्यांची जुनी लोखंडी इस्त्री. हे नाव ऐकून आम्हांला आनंद झाला. डोंगराला देवाचे नाव द्यावे, राजाचे द्यावे, ही जगाची रीत. या गावाने आपल्या डोंगराला घरकामाच्या हत्याराचे नाव दिले.

आता मुख्य ठिकाणाकडे येऊ. या शिळांच्या पायथ्याशी हिरवळीचा एक मोठा उतार आहे आणि त्यावर लाकडाचे एक जुने सभागृह. त्या जागेचे नाव शटॉक्वा. हा शब्द मूळ न्यूयॉर्क संस्थानातील एका सरोवराचा. तेथे १८७४ साली लुईस मिलर नावाचे शेतीची यंत्रे बनविणारे कारखानदार आणि जॉन व्हिन्सेंट नावाचे धर्मोपदेशक या दोघांनी शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग काढले. त्यातून पुढे गावोगाव व्याख्याने, संगीत आणि वाचन यांची मोठी चळवळ उभी राहिली. मंडळी, १८७४ हे साल लक्षात ठेवा. लगेच पुढल्या वर्षी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे आम्ही म्हणत नाही. पण पृथ्वीच्या दोन टोकांना एका वर्षाच्या अंतराने माणसांना हे सुचले की, शाळा सुटलेल्या प्रौढ माणसालाही ज्ञान हवे असते आणि ते त्याला त्याच्या सवडीच्या वेळी, मोकळ्या हवेत द्यावे. आपण आज या मांडवात बसलो आहोत, ते त्याच विचाराचे फळ आहे. बोल्डरचे ते सभागृह आम्हांला परके वाटेना, त्याचे कारण हेच.

ते सभागृह कसे उभे राहिले तेही ऐकण्यासारखे आहे. टेक्सासातील शिक्षकांना उन्हाळी शिबिरासाठी थंड जागा हवी होती. बोल्डरकरांनी त्यांना आपल्या गावी बोलावले. पण जागा कोठली द्यायची? तेव्हा १८९८ साली गावाने मतदान केले आणि वीस हजार डॉलरांचे कर्जरोखे काढून डोंगरापायथ्याची जमीन विकत घेतली. त्याच वर्षी ४ जुलैला पहिले संमेलन भरले. पहिल्या उन्हाळ्यात मंडळी तंबूत राहिली. सभागृह मात्र त्याच साली उभे राहिले, ते आजतागायत वापरात आहे. भिंती लाकडी फळ्यांच्या, खुर्च्या साध्या. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळी मोसम सुरू व्हायचा होता. संगीताचा महोत्सव तेथे पुढे उन्हाळ्यात होतो. बाहेरच्या ओसरीवर बसून आम्ही भाच्याला म्हटले, "अरे, हे तर आपल्या नाट्यगृहासारखेच, फक्त पाठीमागे सह्याद्रीऐवजी रॉकी आहे." तो म्हणाला, "मामा, आणि इथं पत्रे गळत नाहीत."

विद्यापीठाची कथाही अशीच आहे. १८७४ साली तेथील विधिमंडळाने पंधरा हजार डॉलर देऊ केले. अट अशी की, तेवढीच रक्कम गावकऱ्यांनी जमवावी. त्या वेळी बोल्डर म्हणजे सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांची एक धुळकट वस्ती होती. तरी लोकांनी पैसे जमवले, काहींनी जमीन दिली, आणि १८७७ साली एका एकट्या इमारतीत ४४ विद्यार्थ्यांनिशी विद्यापीठ सुरू झाले. आज तेथे हजारो विद्यार्थी आहेत, लाल कौलांच्या आणि डोंगरच्याच दगडाच्या इमारती आहेत. त्यांच्यामध्ये मेरी रिपन या १८७८ साली आलेल्या पहिल्या अध्यापिकेच्या नावाचे उघड्यावरचे नाट्यगृह आहे. तेथे १९५८ पासून उन्हाळ्यात शेक्सपिअरचा नाट्यमहोत्सव भरत आला. आणखी एक कारंजे आहे, त्याला १९९३ साली डाल्टन ट्रंबो या पटकथालेखकाचे नाव दिले. हा तेथील जुना विद्यार्थी. कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत साक्ष नाकारली म्हणून तो तुरुंगात गेला आणि पुढे कित्येक वर्षे त्याला स्वतःच्या नावाने लिहिता आले नाही. ज्याची एके काळी तोंडबंदी झाली, त्याच्या नावाच्या कारंज्याजवळ आज विद्यार्थी भाषणे करतात. आम्ही तेथे बराच वेळ बसलो.

याच विद्यापीठात वसंत ऋतूत जागतिक प्रश्नांवर एक परिषद भरत आली. हॉवर्ड हिगमन नावाच्या समाजशास्त्राच्या अध्यापकाने ती १९४८ साली सुरू केली. वक्त्यांना मानधन नसे. ते स्वखर्चाने यायचे आणि गावातल्या लोकांच्या घरी उतरायचे. श्रोत्यांना तिकीट नसे. ती ऐकण्यासाठीच भाच्याने आम्हांला एप्रिलात बोलावले होते. इंग्रजी सगळे कळले असे नाही. पण पाणी, हवामान, यंत्रे आणि रोजगार यांवर सामान्य माणसे उठून प्रश्न विचारीत होती, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

आणि एक चहाचे घर. बोल्डरने १९८७ साली त्या वेळच्या सोव्हिएत संघातील दुशान्बे या ताजिकिस्तानच्या राजधानीशी भगिनी-शहराचे नाते जोडले. दुशान्बेने भेट म्हणून चहाघर द्यायचे ठरवले. चाळीसहून अधिक कारागिरांनी तीन वर्षे खपून खांब कोरले, छत रंगवले, चिनीमातीच्या फरशा घडवल्या, आणि ते सारे पेट्यांत भरून बोल्डरला पाठवले. पुढे जागा आणि पैसा यांची जुळवाजुळव होईपर्यंत पेट्या पडून राहिल्या. १९९८ साली ते चहाघर उघडले. तोपर्यंत सोव्हिएत संघ राहिला नव्हता. कारागिरांचे हातकाम मात्र राहिले. आम्ही तेथे चहा प्यालो. खांबांवर हात फिरवून पाहिला. जन्मभर हाताने काम करणाऱ्यांमध्ये वावरलेल्या माणसाला असे काम पाहून काय वाटते, ते शब्दांत सांगता येत नाही.

आता तो डोंगर इतका मोकळा कसा राहिला, हे सांगतो. कारण आपल्या दृष्टीने तोच या गावाचा मोठा धडा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बोल्डर वाढू लागले आणि घरे डोंगरावर चढू लागली. तेव्हा गावातल्या काही नागरिकांनी एक साधी युक्ती काढली. त्यांच्यात एक गणिताचे अध्यापक होते आणि एक पदार्थविज्ञानाचे. डोंगरावर बांधू नका असे सांगत बसायचे नाही. ५,७५० फुटांची एक रेषा नकाशावर आखायची आणि तिच्या वर नगरपालिका नळाचे पाणी देणार नाही एवढेच ठरवायचे. १९५९ साली लोकांनी मते देऊन हे गावच्या सनदेत घातले. त्या रेषेला तेथे निळी रेषा म्हणतात. पाणी नाही म्हणून बंगले नाहीत. पुढे १९६७ साली लोकांनी आणखी एक मतदान केले आणि स्वतःवर कर बसवून घेतला. शंभर डॉलरांच्या खरेदीमागे चाळीस सेंट जादा विक्रीकर द्यायचा आणि त्यातून मोकळ्या जमिनी विकत घ्यायच्या. या पैशातून आणि पुढल्या वाढीव करांतून गावाने ४५ हजार एकरांहून अधिक जमीन राखली आहे. तिच्यातून दीडशे मैलांच्या पायवाटा जातात.

एका सकाळी आम्ही त्यांतल्याच एका वाटेने पहिल्या शिळेपर्यंत चढलो. घळींतून अजून बर्फ होते. पायांत भाच्याचे जुने बूट, हातात काठी. पाईनच्या झाडांना उन्हाने एक गोडसर वास येत होता. वाटेत म्हातारी जोडपी भेटली, पाठीवर मूल बांधलेल्या आया भेटल्या, विद्यार्थी तर धावतच वर जात होते. तिकीट नाही, फाटक नाही. वर बसून खालचे गाव पाहिले आणि मनात आले की, मतपेटीचा याहून चांगला उपयोग आम्ही पाहिलेला नाही.

मंडळी, येथेच थांबलो असतो तर हे प्रवासवर्णन गोड झाले असते. पण आमच्या धंद्याची एक खोड आहे. कोठेही गेलो की आम्ही विचारतो, हे कोणाच्या श्रमाने झाले आणि ते श्रमणारे आता कोठे आहेत?

पहिली गोष्ट अशी की, तो डोंगर बोल्डरकरांचा नव्हताच. तेथे अरापाहो लोकांचा हिवाळी मुक्काम असे. १८५१ च्या तहाने तो प्रदेश अरापाहो आणि शायान या जमातींचा म्हणून सरकारनेच मान्य केला होता. सोन्याच्या शोधात लोक आले तेव्हा नायवॉट नावाचा अरापाहो पुढारी त्यांच्याशी सलोख्याने वागला. १८६४ च्या २९ नोव्हेंबरला सँड क्रीक येथे सैन्याने या जमातींच्या छावणीवर हल्ला करून दोनशेच्या वर माणसे मारली. त्यांत बायका, मुले आणि म्हातारेच अधिक होते. त्या सैन्यात बोल्डरहून भरती झालेले लोकही होते. नायवॉट त्याच हल्ल्यात जखमी होऊन गेला. आज त्याच्या नावाचे एक गाव आहे, पण त्याची माणसे तेथे नाहीत.

दुसरी गोष्ट खाणींची. गावाच्या दक्षिणेला मार्शल नावाचे एक पठार आहे. तेही आता गावाने राखलेल्या मोकळ्या जमिनीत आहे, गवतातून सुंदर वाट जाते. परंतु त्या गवताखाली कोळशाच्या जुन्या खाणी आहेत, आणि काही ठिकाणी तो कोळसा आम्ही गेलो तेव्हाही जमिनीच्या पोटात धुमसत होता. मार्शल, लुईव्हिल, लाफायेट ही सारी खाणकामगारांची गावे. शटॉक्वाच्या हिरवळीवर व्याख्याने चालू झाली त्याच काळात, १८९९ साली, कोलोरॅडोच्या विधिमंडळाने खाणी आणि धातूच्या भट्ट्यांतील कामगारांसाठी आठ तासांचा कायदा केला. न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द ठरवला. १९०२ साली लोकांनी मतदान करून राज्याची घटना बदलली. तरी कामगारांच्या खरोखर उपयोगी पडेल असा कायदा यायला १९१३ साल उजाडले. म्हणजे डोंगर विकत घेण्याचे मतदान झाले, त्याची अंमलबजावणी त्याच वर्षी. आणि कामगाराला डोंगर पाहायला वेळ मिळावा म्हणून मतदान झाले, त्याला अकरा वर्षे!

त्या खाणींत १९१० ते १९१४ असा चार वर्षे संप चालला. पुढे १९२७ च्या संपात २१ नोव्हेंबरच्या पहाटे लाफायेटजवळच्या कोलंबाईन खाणीच्या फाटकावर संपकरी जमले असता राज्याच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार ठार झाले. त्यांच्यातले पाच लाफायेटच्या दफनभूमीत आहेत. त्यांच्या स्मरणाचा दगड बसायला १९८९ साल यावे लागले. आम्ही भाच्याला घेऊन तेथे गेलो. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या खाणीच्या कंपनीची सूत्रे पुढे जोसेफीन रोश या बाईंच्या हाती आली, आणि त्यांनी १९२८ साली खाणकामगारांच्या युनियनला मान्यता देऊन करार केला. मालकाच्या खुर्चीत बसून हे करणारी माणसे थोडी असतात. म्हणून त्यांचे नाव घेतले.

तिसरी गोष्ट आजची आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला.

आमचा भाचा बोल्डरच्या विद्यापीठात काम करतो खरा, पण तो बोल्डरात राहत नाही. भाडे परवडत नाही म्हणून तो दूरच्या गावी राहतो. परिषदेचे तीन दिवस रोजची ये-जा नको म्हणून त्याने आमची सोय बोल्डरच्या एका साध्या विश्रामगृहात केली. तेथे खोल्या झाडायला एक बाई यायच्या. वय पंचेचाळिशीचे, मूळच्या मेक्सिकोच्या. आम्ही स्वतःच अंथरूण घडी करून ठेवलेले पाहून त्यांना नवल वाटले. संध्याकाळी भाचा आल्यावर त्याच्या मध्यस्थीने आमचे बोलणे झाले. त्या अकरा वर्षे या गावात काम करीत होत्या. राहायला दूर, पहाटे पहिल्या बसने येणे, दुपारनंतर एका खानावळीत भांडी, रात्री परत. खिडकीतून त्या तांबूस शिळा दिसत होत्या. आम्ही सहज विचारले, "तुम्ही वर कोठपर्यंत चढला आहात?"

त्या म्हणाल्या, "एकदाही नाही. पण ज्या काचेतून पाहुणे डोंगर पाहतात, ती काच रोज मीच पुसते."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. थोडे हसूनच सांगितले. आम्ही मात्र त्या रात्री झोपलो नाही. त्या गावात नोकरी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे बाहेरून येतात. १९७६ सालापासून गावाने घरांच्या वाढीवर मर्यादा घातली. एकीकडे डोंगर, दुसरीकडे राखलेली माळराने, मध्ये घरे थोडी आणि मागणारे पुष्कळ. एका साध्या स्वतंत्र घराची किंमत दहा लाख डॉलरांच्या पुढे गेली आहे. गाव अगदी स्वस्थ बसले आहे असे नाही. नव्या बांधकामात काही घरे बेताच्या मिळकतीच्या लोकांसाठी ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. पण ते समुद्रात मूठभर मीठ टाकण्यासारखे आहे. आणि गंमत पाहा, डोंगर राखण्याचा तो कर विक्रीवर आहे. त्या बाई दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून जी वस्तू घेतात, तिच्यावर तो कर त्याही भरतात. अकरा वर्षे त्यांनी डोंगराचे पैसे भरले आणि डोंगर पाहिला काचेतून!

कोणी म्हणेल, भाऊ, तुम्ही दुसऱ्याच्या गावात जाऊन दोष काढलेत. तर आता आमचा स्वतःचा दोष सांगतो. सभेत हे पहिल्यांदाच सांगत आहोत.

१९९९ साली एका कारखान्यात आम्ही वेतनकरार केला. मालकांनी चांगली वाढ देऊ केली. बदल्यात वर्षाच्या काही सुट्ट्या सोडायच्या आणि रविवारचे जादा काम दुप्पट दराने करायचे. कागदावर ते ऐच्छिक होते. पण मागणी आली की नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही सही केली. फाटकावर गुलाल उडाला, आमच्या गळ्यात हार पडले. सहा-सात महिन्यांनी एक टर्नर आमच्या कार्यालयात आला. चांगला, न बोलणारा माणूस. मुलाची वही घेऊन आला होता. शाळेत 'माझे बाबा' असा निबंध होता. मुलाने लिहिले होते की, माझे बाबा कामावर असतात किंवा झोपलेले असतात. टर्नर एवढेच म्हणाला, "भाऊ, पगार चांगला झाला. पण हे वाचा."

मंडळी, आम्ही रविवार विकला होता. जो आमचा नव्हताच तो विकला होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्या त्यांनी आयोगापुढे ठेवल्या. सहा वर्षे झगडून १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मान्य करून घेतली. आमचे वडील गिरणीत होते. रविवारी ते आम्हांला चौपाटीवर नेत, वाळूत बसवत, स्वतः समुद्राकडे पाहत बसत. त्या एका दिवसात ते गिरणीकामगार नसत, नुसते माणूस असत. हे सारे ठाऊक असून आम्ही सही केली, कारण रुपये मोजता येतात आणि रविवार मोजता येत नाही.

पुढे ते कलम काढून टाकायचे ठरवले तर मालकांपेक्षा आमच्याच सभासदांचा विरोध अधिक झाला. वाढीव मिळकतीवर त्यांनी घराची, गाडीची कर्जे काढली होती. त्यांना दोष कसा द्यायचा? आणखी दोन करार जावे लागले, तेव्हा कोठे रविवार परत मिळाला. तोपर्यंत तो मुलगा दहावी होऊन गेला होता. गेलेले रविवार कोणत्याही करारात परत मिळत नाहीत.

म्हणून बोल्डरहून आम्ही जे घेऊन आलो ते असे. डोंगराची मौज सर्वांची व्हायची असेल तर तीन गोष्टी लागतात. पहिली, डोंगर मोकळा राहिला पाहिजे. दुसरी, तेथे जायला माणसाजवळ हक्काची फुरसत पाहिजे. आणि तिसरी, डोंगराच्या सावलीत काम करणाऱ्याला त्या सावलीत राहायलाही जागा पाहिजे. बोल्डरकरांनी पहिली गोष्ट अशी साधली की, जगाने त्यांच्याकडून शिकावे. दुसरीसाठी खाणकामगारांनी रक्त सांडले. तिसरीपाशी ते गाव अडले आहे. त्यांतली एकही गोष्ट सुटली की बाकीच्या दोन थोड्यांच्याच उपयोगी पडतात.

आपल्या गावालाही टेकडी आहे. या मांडवातून उठून पश्चिमेला पाहिले तर दिसते. तिच्या निम्म्या उतारावर घरांच्या पाट्या लागल्या आहेत, आणि ती वाचवावी म्हणून अर्जावर सह्या घेत काही तरुण मंडळी हिंडत आहेत. आमची सही त्यावर आहे. तुमचीही व्हावी. पण त्या तरुणांना आम्ही एक विनंती केली आहे आणि ती आपल्यापुढेही ठेवतो. सह्या घेताना सकाळी फिरायला येणाऱ्यांच्याच घ्यायच्या नाहीत. औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर या, दुसरी पाळी सुटताना या, आम्ही तुमच्याबरोबर उभे राहू. ज्यांनी ती टेकडी बसच्या खिडकीतून पाहिली आहे, त्यांनाही विचारा की ती कोणाची. बोल्डरची निळी रेषा दोघा अध्यापकांनी आखली, पण ती टिकली ती हजारोंच्या मतांनी. आपल्या टेकडीची रेषा आखताना तिच्या आतबाहेर कोण राहिले, हे पहिल्या दिवसापासून पाहू.

त्या बाईंना निघताना आम्ही भाच्याकरवी सांगितले की, एखाद्या सुट्टीच्या दिवशी वर जाऊन या, वाट फार कठीण नाही, आमच्यासारखा माणूस चढला. त्या म्हणाल्या, "सुट्टी मिळाली की आधी मुलीला घेऊन जाईन." भाच्याला आम्ही बजावून आलो आहोत की, अधूनमधून चौकशी कर. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

 रात्र झाली आहे. आपल्यापैकी पुष्कळांना सकाळची पाळी असेल.